भाकरी नसलेले ताट

एका रविवारी संध्याकाळी कळवणला आमच्या एका स्नेह्यांच्या घरी आम्ही आठ-नऊ माणसे एका लॅपटॉपभोवती दाटीवाटीने बसलो होतो. घरातला थोरला मुलगा नाशिकच्या एका मोठ्या हॉटेलात स्वयंपाकघरात कामाला आहे. दोन दिवसांची रजा काढून तो घरी आला होता. त्यानेच आग्रह धरला, "काका, तुम्ही पेपरात लिहिता ना? मग हा पिक्चर बघाच. आमच्याच धंद्यावर आहे." चित्रपट इंग्रजी होता. मुलगा अधूनमधून तो थांबवून आम्हाला अर्थ सांगत होता. त्याची आजी दिवसभर कांदा निवडून थकून आली होती, तरी कौतुकाने पुढे येऊन बसली.

पडद्यावर पहिले ताट आले. ताट कसले, एक दगड! त्यावर समुद्रकाठची हिरवी पाने आणि शिंपल्यातले मांस, इतके की आपल्याकडे लेकराच्या तोंडात एक घास व्हावा. आजीने डोळे बारीक करून पाहिले आणि म्हणाली, "हाई काय जेवन शे?"

सगळे हसले. आम्हीही हसलो. पण पुढच्या पावणेदोन तासांत आमचे हसणे पुन्हा पुन्हा घशात अडकले. हा चित्रपट काय आहे, तो कोणावर आहे, आणि कळवणसारख्या कांद्याच्या, मजुरीच्या आणि आदिवासी पाड्यांच्या तालुक्यात राहणाऱ्या माणसाने तो का पाहावा, हे वाचकांना सांगावे असे आम्हाला वाटले. कथा शेवटापर्यंत सांगणार आहोत. ज्यांना शेवट आधी कळलेला आवडत नाही, त्यांनी चित्रपट पाहून मग हे पान वाचावे.

बेटावरचे हॉटेल

चित्रपटाचे नाव 'द मेन्यू'. तो २०२२ साली आला. दिग्दर्शक मार्क मायलॉड, लेखक सेथ रीस आणि विल ट्रेसी. यांपैकी ट्रेसी हे एकदा नॉर्वेत बर्गन शहराजवळच्या एका बेटावरील हॉटेलात जेवायला गेले होते. सोडायला आलेली बोट परत निघाली तेव्हा त्यांच्या मनात आले की, आता जेवण संपेपर्यंत आपण येथे अडकलो. त्या एका भीतीतून ही कथा निघाली.

चित्रपटातल्या हॉटेलाचे नाव 'हॉथॉर्न'. तेही एका बेटावर आहे. तेथे एका रात्री मोजकी बारा माणसे जेवतात. एका माणसाच्या जेवणाचा दर १,२५० डॉलर. चित्रपट आला त्या वर्षीच्या भावाने हिशेब केला तर एक लाख रुपयांच्या वर! एका माणसाचे, एका रात्रीचे.

त्या रात्री आलेले पाहुणे एकेक पाहण्यासारखे आहेत. लिहून हॉटेले बंद पाडणारी एक समीक्षक बाई आणि तिची री ओढणारा संपादक. चलती संपलेला एक नट आणि त्याची मदतनीस. मालकाच्या जिवावर उड्या मारणारे तीन तरुण अधिकारी. एक श्रीमंत वृद्ध जोडपे. आणि टायलर नावाचा एक तरुण. स्वयंपाकाविषयी त्याला सगळे ठाऊक, पण ते पुस्तकात वाचून. त्याच्याबरोबर मार्गो नावाची मुलगी आली आहे. तिचे नाव पाहुण्यांच्या यादीत नाही. ती त्याची बायकोही नाही आणि प्रेयसीही नाही. पैसे घेऊन सोबत करणे हा तिचा पोटाचा धंदा आहे, हे आपल्याला पुढे कळते.

मुख्य आचारी ज्युलियन स्लोविक. ही भूमिका राल्फ फाइन्स या कसलेल्या नटाने केली आहे आणि मार्गो झाली आहे आन्या टेलर-जॉय. स्लोविक प्रत्येक पदार्थाआधी हाताची एक टाळी वाजवतो. टाळी अशी की पाहुणे दचकतात, आणि मागे उभे असलेले सगळे स्वयंपाकी एका आवाजात ओरडतात, "येस, शेफ!" पदार्थामागून पदार्थ येत जातात आणि हळूहळू उलगडते की, आजचे हे शेवटचे जेवण आहे. पाहुणे, वाढपी, आचारी, कोणीही या बेटावरून जिवंत परतायचे नाही, असे स्लोविकने ठरवले आहे.

कथा अशी भयंकर, पण सांगण्याची तऱ्हा विनोदी. माणूस मरतो आणि पडद्यावर त्या पदार्थाचे नाव व साहित्य छापून येते. वृद्ध जोडप्याला स्लोविक विचारतो की, तुम्ही येथे अकरा वेळा जेवून गेलात, मागच्या खेपेचा एक तरी पदार्थ सांगा. नवऱ्याला सांगता येत नाही. एका माशाचे नाव तो ठोकून देतो आणि तेही चुकते. नटाच्या मदतनीस मुलीला तो विचारतो की, शिक्षणासाठी कर्ज काढले होतेस का? ती नाही म्हणते. तेवढ्यावर तिचा निकाल लागतो. आमच्या बैठकीतली बँकेचे शैक्षणिक कर्ज फेडत असलेली एक मुलगी या ठिकाणी इतकी मोठ्याने हसली की तिच्या आईने तिला गप्प केले.

गरिबाची भाकरी, श्रीमंताचे ताट

आमच्या मते चित्रपटातला सर्वांत बोचरा प्रसंग दुसऱ्या ताटाचा आहे. या ताटाचे नावच 'पाव नसलेले पावाचे ताट'. स्लोविक पाहुण्यांना सांगतो की, पाव हे हजारो वर्षांपासून सामान्य माणसाचे अन्न आहे. तुम्ही सामान्य माणसे नाही. म्हणून आज तुम्हाला पाव मिळणार नाही. ताटात येतात ती पावाबरोबर खायची तोंडीलावणी, थेंब थेंब. म्हणजे आपल्याकडे ठेचा, चटणी, तेल वाढावे आणि भाकरीच देऊ नये, तसे.

गंमत पुढे आहे. समीक्षक बाई चमच्याने ते थेंब चाखत वाहवा करू लागते. टायलरचे डोळे भरून येतात. ते तीन तरुण तेवढे उघड विचारतात की, थोडा पाव मिळेल का? त्यांना साफ नकार मिळतो. आणि मार्गो ते ताट बाजूला सारते. तिला भूक लागली आहे आणि समोर अन्न नाही, इतका साधा तिचा हिशेब आहे. लाख रुपयांचे ताट पाहून 'हे जेवण नाही' असे म्हणणारी त्या खोलीत ती एकटी. आमच्या बैठकीत आजीने हेच पहिल्या ताटाला म्हटले होते.

हा प्रसंग पाहताना आम्हाला आपल्या नागलीची आठवण झाली. कळवण-सुरगाण्याच्या डोंगरात आदिवासी माणूस पिढ्यान्‌पिढ्या नागलीची भाकरी खात आला. तिचा रंग काळपट म्हणून शहरात तिला नाके मुरडली जात. शाळेच्या डब्यात ती नेताना पोरे लाजत. मग संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले आणि नागली, बाजरी, वरई मोठ्या हॉटेलांच्या पांढऱ्या बश्यांत जाऊन बसली. धान्याला मान मिळाला याचा आम्हाला आनंदच आहे. प्रश्न एवढाच आहे की, पेरणाऱ्याला काय मिळाले?

कांद्याचे उदाहरण घरचेच आहे. २०२३च्या फेब्रुवारीत सोलापूरच्या बाजारात बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा विकला. हमाली, तोलाई, गाडीभाडे वजा जाता त्याच्या हाती दोन रुपयांचा चेक पडला. वर्तमानपत्रांत तो सगळ्या महाराष्ट्राने पाहिला. त्याच वर्षी ८ डिसेंबरला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, ती २०२४च्या मे महिन्यात उठली. तोवर कळवण, अभोणा, उमराण्याच्या बाजारात ट्रॅक्टर घेऊन उभ्या राहिलेल्या माणसांचे काय झाले, ते आमच्या वाचकांना आम्ही सांगायला नको. शेतकऱ्याला भाव मिळाला नाही की खळ्यावर कांदा निवडणाऱ्या बाईची मजुरी पहिली अडते. ती बाई बहुधा आपल्यापैकीच असते.

एका ताटाला लाख रुपये आणि पाच क्विंटल कांद्याला दोन रुपये. चित्रपट अमेरिकेचा आहे आणि कांदा आपला आहे, पण दोन्हीकडे ताटातले अन्न आणि ते पिकवणारा, शिजवणारा माणूस यांची ताटातूट झालेली दिसते.

'येस, शेफ!'

आता स्वयंपाकघराकडे वळू. हॉथॉर्नचे स्वयंपाकी बेटावरच एका लांबलचक खोलीत ओळीने खाटा टाकून राहतात. पहाटेपासून मध्यरात्र उलटेपर्यंत काम. लग्न नाही, घर नाही. आचाऱ्याच्या घरात पाऊल टाकायची त्यांना परवानगी नाही.

ही शिस्त लेखकांनी हवेतून काढलेली नाही. ओग्यूस्त एस्कोफिए (१८४६-१९३५) या फ्रेंच आचाऱ्याने मोठ्या हॉटेलांच्या स्वयंपाकघराला लष्कराची घडी घालून दिली. तो स्वतः फ्रेंच सैन्यात आचारी होता. वर एक प्रमुख, त्याखाली उपप्रमुख, त्याखाली भाजीचा वेगळा, मांसाचा वेगळा, रश्श्याचा वेगळा असे हुद्दे. त्यामुळे कामात गोंधळ राहिला नाही, स्वच्छता आली. पण हुद्द्याबरोबर हुकूमही आला.

कोपनहेगनचे 'नोमा' हे हॉटेल पाच वेळा जगात पहिले ठरले. तेथे जगभरातून तरुण मुले शिकायला जात आणि महिनोन्‌महिने राबत. २०२२च्या ऑक्टोबरपर्यंत त्या शिकाऊ मुलांना पगार दिला जात नव्हता. पगार सुरू झाला आणि २०२३च्या जानेवारीत मालक-आचारी रेने रेझेपी यांनी जाहीर केले की, नेहमीचे हॉटेल आपण बंद करणार, कारण या पद्धतीने धंदा चालवणे पैशाच्या दृष्टीने आणि माणसांच्या दृष्टीने निभणारे नाही. म्हणजे जगातले पहिले ताट फुकटच्या हातांवर उभे होते!

आमच्या स्नेह्यांचा मुलगा हे ऐकताना शांत होता. मग आजीनेच त्याला विचारले, "तू कव्हय जेवस रे, बाळ?"

तू केव्हा जेवतोस, एवढाच प्रश्न. मुलगा जरा चाचरला. म्हणाला, "साडेचारला, आजी. दुपारचं गिऱ्हाईक उठलं की. कधी पाच होतात." बसून का, असे आईने विचारले. तो म्हणाला, "बसायला जागा नसते गं. उभ्यानं उरकतो." पहिल्या नोकरीत, दुसऱ्या एका हॉटेलात, त्याला शिकाऊ म्हणून आठ महिने अर्ध्या पगारावर ठेवले होते. बशी फुटली तर पैसे कापत. हे त्याने घरी कधी सांगितले नव्हते. घरी तो पांढऱ्या टोपीतला फोटो पाठवत असे आणि घरचे तो फोटो पाहुण्यांना दाखवत.

वाचकहो, आपली शेकडो मुले आज या धंद्यात आहेत. नाशिक, पुणे, मुंबई, गोवा, दुबई. नाशिकच्या आसपास द्राक्षांच्या मळ्यांतून वाईनचे कारखाने उभे राहिले, त्यांना जोडून खाण्यापिण्याची ठिकाणे झाली, आणि बारावीनंतर हॉटेल मॅनेजमेंटचा कोर्स करणारी मुले कळवण-सटाण्यातूनही जाऊ लागली. काम चांगले आहे. हाताला कसब देणारे आहे. ज्या समाजाच्या हातचे पाणी कोणी पीत नसे, त्या समाजाची मुलगी आज पंचतारांकित हॉटेलात शेकडो माणसांचे अन्न शिजवते, ही लहान गोष्ट नाही. पण तिच्या कामाचे तास किती, सुटी कधी, पगाराची पावती मिळते की नाही, हे घरच्यांनी विचारले पाहिजे. २०१७च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमात आठवड्याची एक सुटी आणि जादा कामाला दुप्पट दराने मजुरी लिहिलेली आहे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत होते, तेव्हा कारखान्यांतील कामाचे आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आणण्याचा कायदा पुढे आला. तास मोजून मागणे हा कामचुकारपणा नव्हे. तो आपला वारसा आहे.

बायकांचे ताट

चित्रपटात कॅथरीन नावाची एक उपप्रमुख आचारी आहे. स्लोविकने तिच्यावर हात टाकायचा प्रयत्न केला होता. तिने नकार दिला. त्यानंतर आठ महिने त्याने तिच्या नजरेला नजर दिली नाही. आणि ती तरीही तेथेच काम करत राहिली. त्या रात्री ती सगळ्यांसमोर हे सांगते आणि त्याच्या मांडीत कात्री खुपसते. तो निमूट कबूल करतो.

आमच्या भगिनींना यात नवे काही वाटणार नाही. लग्नाच्या केटरिंगमध्ये भांडी घासायला, पोळ्या लाटायला जाणाऱ्या बायका रात्री दीड-दोन वाजता टेम्पोतून परततात. त्यांच्याशी कोण कसे बोलते, हे त्या घरी सांगत नाहीत. सांगितले तर काम बंद होईल, नाहीतर बोल त्यांनाच लागेल. कॅथरीनने कात्री उचलली. कायद्याची वाट तिला कोणी दाखवली नव्हती. आपल्याकडे २०१३ पासून कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध कायदा आहे. जेथे दहापेक्षा कमी माणसे कामाला आहेत, तेथील बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. कंत्राटी आणि रोजंदारीच्या बायकांनाही तो लागू आहे. महिला मंडळांनी या एका कलमावर एखादी बैठक घ्यावी, अशी आमची विनंती आहे.

एक साधा बर्गर

आता शेवट. स्लोविक मार्गोला बाजूला घेऊन विचारतो की, तू कोणाच्या बाजूची? देणाऱ्यांच्या की घेणाऱ्यांच्या? तो तिला ओळखतो. तीही दुसऱ्यांची सेवा करून पोट भरणारी आहे, हे त्याने हेरले आहे. पण दोन्हीकडे मरणच. सेवकांच्या बाजूला गेली तरी सेवकांबरोबर मरायचे.

मार्गो तिसरी वाट काढते. स्लोविकच्या घरात तिला एक जुना फोटो सापडतो. तरुण स्लोविक एका साध्या हॉटेलात बर्गर भाजतो आहे आणि हसतो आहे. ती परत येते, त्याच्यासारखीच टाळी वाजवते आणि सांगते की, तुझे जेवण मला आवडले नाही, माझी भूक तशीच आहे. काय हवे, असे तो विचारतो. ती मागते चीजबर्गर. गरीब माणूस खिशातल्या पैशांत घेतो तसला, कांदा घातलेला.

स्लोविक स्वतः तव्यापाशी उभा राहतो. मांसाचे गोळे दाबतो, कांदा परततो, चीज वितळू देतो. आणि त्या रात्रीत पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर आनंद दिसतो. किंमत ९ डॉलर ९५ सेंट. ती एक घास खाते, म्हणते छान झाला, आणि उरलेला बांधून मागते. ती पैसे देते. तो बांधून देतो आणि तिला जाऊ देतो. बाकी सगळे हॉटेलासह जळून जातात. बोटीत बसून ती तो बर्गर खाते आणि त्या दिवसाच्या महागड्या पदार्थांच्या यादीने तोंड पुसते.

हा प्रसंग संपला तेव्हा घरात कोणी बोलले नाही. 'बांधून द्या' या शब्दांपाशी आम्ही थांबलो होतो. आपल्या आजे-पणजांनी दारोदार भाकरतुकडा मागितला. उरलेले, शिळे, उष्टे पदरात घेतले. ते अन्न देणारा वरून टाकत असे. १९२७च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले की, मेलेले ढोर खाऊ नका, शिळ्या तुकड्यांवर जगू नका. तेव्हा कित्येकांच्या पोटाला त्या रात्री दुसरे काही नव्हते, तरी माणसांनी ते ऐकले. पोटाला चिमटा बसला, पण मान वर झाली. मार्गोही अन्न बांधून घेते, पण ते तिने मागितलेले असते, तिच्या आवडीचे असते आणि त्याचे दाम तिने मोजलेले असते. उष्ट्यात आणि शिदोरीत हाच फरक असतो.

चित्रपट जेथे चुकतो

चित्रपट आम्हाला आवडला, पण त्यातला सूड आम्हाला पटला नाही. स्लोविक श्रीमंतांना जाळतो तेव्हा आपल्या स्वयंपाक्यांनाही जाळतो. आणि ते "येस, शेफ!" म्हणत जळायला उभे राहतात. एकही जण विचारत नाही की, आम्ही का मरायचे? ज्यांनी भाजी चिरली, भांडी घासली, त्यांचा या खेळात काय अपराध? स्वतः आचारी झालेला मालकच शेवटी त्यांच्या जिवाचा मालक होऊन बसतो.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी इशारा दिला होता की, धर्मात भक्ती मुक्तीचा मार्ग असू शकेल, पण राजकारणात भक्ती आणि विभूतिपूजा अधोगतीकडे आणि हुकूमशाहीकडे नेते. हे कारखान्यालाही लागू आहे आणि स्वयंपाकघरालाही. टायलरची गत पाहा. सगळे मरणार हे त्याला आधीच ठाऊक होते. तरी तो आला, आणि एकट्याला टेबल मिळत नाही म्हणून एका परक्या मुलीला मरायला घेऊन आला! शेवटी त्याचा देव त्याच्या हातात सुरी देऊन म्हणतो, आता तू शिजव. त्याला साधे मांस शिजवता येत नाही. भक्तीने कसब येत नाही, हे आपल्या पुढाऱ्यांमागे धावणाऱ्या तरुणांनी लक्षात ठेवावे.

आणखी एक उणीव. वर्गाचे दुःख या चित्रपटाला दिसते, पण अन्नाला जात चिकटते ती कशी, हे अमेरिकन लेखकाला कोठून दिसावे? ते आपल्याच माणसांनी दाखवले पाहिजे, आणि दाखवलेही आहे. नीरज घेवान यांचा 'गीली पुच्ची' हा लघुचित्रपट २०२१ साली 'अजीब दास्तान्स' या चार कथांच्या संचात आला. त्यात कारखान्यातल्या दलित कामगार भारतीला तिच्या सवर्ण मैत्रिणीच्या घरी वेगळ्या स्टीलच्या पेल्यात चहा मिळतो. रक्ताचा थेंब नाही, आगही नाही, पण तो पेला पाहताना 'द मेन्यू'तल्या सुरीपेक्षा जास्त काटा येतो. भारती सूड घेते, पण डोके शांत ठेवून, आणि जिवंत राहून. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे २०१५ सालचे पुस्तकही या निमित्ताने सुचवतो. मराठवाड्यातील महार-मांगांच्या चुलीवर काय शिजत होते आणि का, हे त्यात न लाजता लिहिले आहे. २०२४ मध्ये ते इंग्रजीतही आले. हे पुस्तक घरात असावे.

'द मेन्यू' मुलांना दाखवू नये. रक्त आहे, आत्महत्या आहे, शिव्या आहेत. मोठ्यांनी पाहावा आणि पाहून झाल्यावर आपापसांत बोलावे. लग्नाच्या पंगतीत, हॉटेलात, चहाच्या टपरीवर आपणही पाहुणे असतो. त्या अकरा वेळा जेवून काहीच न आठवणाऱ्या जोडप्यासारखे आपण वाढणाऱ्याच्या तोंडाकडे न बघता जेवतो का? पुढच्या लग्नात वाढणाऱ्या पोराला आणि मागे भांड्यांपाशी बसलेल्या मावशीला एकदा विचारून पाहा, "तुम्ही जेवलात का?" आणि त्यांचे जेवण झाल्याशिवाय यजमानाने केटरिंगवाल्याचा हिशेब मिटवू नये.

दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्या स्नेह्यांचा मुलगा नाशिकच्या एस.टी.साठी निघाला. आजी चुलीपाशी लवकर उठून बसली होती. तीन बाजरीच्या भाकरी, ठेचा आणि कांदा तिने फडक्यात बांधून त्याच्या पिशवीत ठेवला. हॉटेलात कामाला जाणाऱ्याला शिदोरी कशाला, म्हणून आदल्या खेपेला तो हसला असता. या वेळी हसला नाही. आजीने त्याला बजावले, साडेचारपर्यंत उपाशी राहायचे नाही, आणि बसून खायचे.